गेनिचिरोला हरवायचं कसं: आधी लाईन, मग नजर, मग तलवार

‘सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस’ खेळायला घेतलेले कितीतरी जण एकाच ठिकाणी येऊन थांबतात. आशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो आशिना हा बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, उभा असतो आणि त्याच्या पुढे गेम सरकतच नाही. काही पोट्टे तिथूनच गेम डिलीट करतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हा बॉस म्हणजे या गेमची खरी शाळा आहे. तो समजला की पुढचा अर्धा गेम समजतो. आपल्या खेड्यात, आपल्या लाईनीवर, जुन्या लॅपटॉपवर खेळूनही तो हरतो. त्यासाठी काय तयारी लागते ते इथे सविस्तर लिहितो आहे.

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने हा गेम मार्च २०१९ मध्ये आणला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो ‘गेम ऑफ द इयर’ ठरला. यात सोपं-अवघड निवडायची सोय नाही, आणि मित्राला मदतीला बोलावून दोघांनी मिळून बॉस मारायचीही सोय नाही. हत्यारं बदलून, लेव्हल वाढवून बॉसवर भारी पडता येईल असंही फारसं काही नाही. हातातली मुख्य तलवार शेवटपर्यंत एकच राहते. त्यामुळे इथे जिंकतो तो समोरच्याचा वार ओळखणारा. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, गेमची रचनाच तशी आहे.

सगळ्यात आधी मशीन आणि लाईन

हा भाग कुणाला आवडत नाही, पण विदर्भातल्या खेड्यात निम्मी लढाई इथेच असते. सेकिरोमध्ये सगळा खेळ ठोक्याचा आहे. समोरची तलवार तुमच्यावर येते त्याच क्षणी गार्डचं, म्हणजे वार अडवायचं, बटण दाबायचं असतं. हा क्षण सेकंदाच्या छोट्याशा भागाइतका असतो. मशीन अडखळली की तुमचा ठोका बरोबर असूनही चुकतो, आणि दोष मात्र आपण आपल्या हातांना देतो.

कंपनीने किमान गरज म्हणून कोर आय-३ २१००, ४ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७६० असं कार्ड सांगितलं आहे, डिस्कवर २५ जीबी जागा लागते. तुमची मशीन याच्या आसपास असेल तर ग्राफिक्सचा मोह सोडा. रिझोल्यूशन ७२० वर आणा, सावल्या आणि इफेक्ट्स सगळ्यात खाली न्या. गेम सेकंदाला ६० फ्रेम्सच्या (चित्रांच्या) वर जात नाही. एकदा ६०, एकदा ३५ असं चढउतार होण्यापेक्षा कायम एकसारखे ४० मिळाले तर हात लवकर बसतो.

आता लाईनीचं. लॅपटॉपवर खेळताना लाईन गेली की स्क्रीन चालूच राहते, म्हणून आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही. पण बॅटरीवर आल्याबरोबर बहुतेक लॅपटॉप ग्राफिक्स कार्डचा वेग कमी करतात. फ्रेम्स धाडकन खाली येतात आणि मघाशी सहज अडवलेला वार आता अंगावर बसतो. लाईन गेली तर बॉस सोडा. त्या वेळात इकडेतिकडे फिरून पैसे गोळा करा, नकाशा बघा. शेतीची थ्री-फेज लाईन ज्या वेळात येते तेव्हा आजूबाजूच्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि डीपीवर भार आला की घरातलं व्होल्टेज डगमगतं. आपल्या फीडरची वेळ गावात सगळ्यांना माहीत असते. बॉसला बसायचं ते त्या वेळा टाळून.

डेस्कटॉप असेल तर यूपीएस नसताना बॉसला बसू नका. गेम स्वतःहून सेव्ह होत राहतो, त्यामुळे नेमकं सेव्ह होताना लाईन गेली तर फाइल खराब होण्याची भीती असते. विंडोजमध्ये ॲपडेटाच्या आत रोमिंग, त्याच्या आत सेकिरो नावाचं फोल्डर असतं. रोज खेळ संपला की ते पेनड्राइव्हवर उचलून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. स्टीम, म्हणजे ज्या ॲपवरून गेम चालतो तेही, नेट असताना एकदा लॉग इन करून ऑफलाइन मोडवर टाकून ठेवा, म्हणजे टॉवर बंद पडला तरी खेळ अडत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणजे पुन्हा तेच, ठोका चुकतो. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन विटा लावून तो उचला, खालून हवा खेळली पाहिजे. कूलरची हवा मिळेल असं बसा, पण अगदी तोंडासमोर नको, पाण्याचे बारीक तुषार कीबोर्डवर येतात. आणि घरात कापूस रचून ठेवला असेल तर लॅपटॉपच्या पंख्याची जाळी उजेडात धरून बघाच. कापसाची बारीक तूस तिथे थरासारखी बसते. वरून नुसती धूळ वाटते, पण मऊ ब्रशने ओढली की नमदा निघावा तशी अख्खी पट्टी निघते. लॅपटॉप बंद करून ती काढा. एवढ्यानेही फ्रेम्स सुधारल्याचं मी पाहिलं आहे.

टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा, नाहीतर बटण दाबणं आणि पडद्यावर दिसणं यात अंतर पडतं. इअरफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथचा आवाज उशिरा येतो, आणि या गेममध्ये आवाज डोळ्यांइतकाच कामाचा आहे.

किल्ल्यावर चढण्याआधी काय गोळा करायचं

प्रार्थनेचे मणी, म्हणजे प्रेयर बीड्स, चार जमले की मूर्तीपाशी (वाटेवर जिथे बसून दम घेता येतो तिथे) माळ होते आणि तुमचं आयुष्य व पोश्चर, म्हणजे तोल टिकवण्याची ताकद, दोन्ही वाढतात. मिनीबॉस मारला की बहुतेकदा मणी मिळतो. मागे सोडून आलेला एखादा मिनीबॉस आठवत असेल तर परत जाऊन तो घ्या. भोपळ्याच्या बिया सापडल्या असतील तर त्या जीर्ण मंदिरात एमाला द्या, औषधाचे घोट वाढतात. ग्योबू ओनिवा या आधीच्या बॉसला मारून मिळालेली आठवण, म्हणजे मेमरी, मूर्तीपाशी वापरली नसेल तर आत्ता वापरा, तलवारीचा जोर वाढतो.

कौशल्यांमध्ये एकच गोष्ट सक्तीची: मिकिरी काउंटर. शिनोबी आर्ट्समध्ये तो मिळतो. बाकी काही घेतलं नाही तरी चालेल, हा घ्याच.

रॉबर्टचे फटाके आशिनाच्या बाहेरच्या भागातला ‘क्रोज बेड’चा दुकानदार ५०० सेनला (सेन म्हणजे गेममधले पैसे) विकतो. ते जीर्ण मंदिरातल्या मूर्तिकाराकडून आपल्या नायकाच्या कृत्रिम हाताला बसवून घ्या. फटाके उडवले की गेनिचिरो क्षणभर दचकतो. पण फटाक्यांना स्पिरिट एम्ब्लेम (हाताची हत्यारं वापरताना खर्च होणारी चिन्हं) लागतात आणि मेल्यावर ते परत मिळत नाहीत, साठ्यातून भरले जातात. म्हणून शिकण्याच्या दिवसांत फटाक्यांना हात लावू नका, शेवटच्या लढतींसाठी साठा राखा. आणि एकापाठोपाठ एक उडवले तर त्यांचा परिणामही कमी होत जातो.

बॉसकडे जाण्याआधी खिसा रिकामा करा. मेलात तर जवळचे अर्धे सेन आणि चालू पातळीतला अर्धा अनुभव जातो. पूर्ण झालेला स्किल पॉइंट मात्र जात नाही. म्हणून थोडा अनुभव कमी पडत असेल तर आधी तो पॉइंट पुरा करा, आणि सेनच्या पिशव्या विकत घेऊन ठेवा. पिशवीतला पैसा सुरक्षित राहतो. हे झालं की मरणाची धास्ती जाते, आणि धास्ती गेल्याशिवाय शिकणं सुरू होत नाही.

सरावाला कोण

जीर्ण मंदिराच्या आवारात हानबेई नावाचा माणूस उभा असतो. तो मरत नाही, आणि सराव द्यायलाच तो तिथे आहे. डिफ्लेक्ट म्हणजे वार नेमक्या क्षणी परतवणं, मिकिरी म्हणजे भोसकणारी तलवार पायाखाली दाबणं. हे दोन्ही त्याच्याकडे घटवून घ्या. कितीही वेळा चुकलात तरी काही जात नाही, तरी बरेच खेळाडू त्याच्याशी एकदा बोलून पुढे जातात आणि मग किल्ल्यावर हेच धडे रक्त सांडून शिकतात.

दुसरा मास्तर वाटेतच आहे. आशिना डोजोमध्ये जिन्सुके साझे बसलेला असतो. तो म्यानातून एका झटक्यात दोन वार करतो. खण्, खण्. दोन्ही परतवले की त्याचं पोश्चर भराभर वाढतं. गार्डचं बटण दाबून धरून बसणाऱ्याला तो टिकू देत नाही. जिन्सुकेचे दोन ठोके हातात आले की गेनिचिरोसाठी हात तयार झाला असं समजा.

इथे एक बारकावा. घाबरून गार्डचं बटण टपटपटप दाबत राहिलं तर गेम डिफ्लेक्टची वेळ आणखी आखडून घेतो. एका वाराला एकदाच दाबा. हे लिहायला सोपं आहे, बोटांना पटवायला वेळ लागतो.

पोश्चरचा हिशेब

गेनिचिरोचं आयुष्य संपवायला जाऊ नका, त्याचं पोश्चर भरायचं आहे. ती पिवळी पट्टी भरली की लाल ठिपका येतो आणि एका घावात आयुष्याची एक खूण जाते. पोश्चर भरतं तुमच्या वारांनी, आणि त्याहून जास्त त्याचे वार परतवण्याने. म्हणजे या गेममध्ये बचाव हाच हल्ला आहे.

पण गेनिचिरोचं आयुष्य भरलेलं असेल तर त्याचं पोश्चर लवकर ओसरतं. आयुष्य कमी झालं की सावकाश ओसरतं. म्हणून सुरुवातीला थोडं आयुष्य कापा, मग दबाव ठेवा. दूर पळून दम खाल्लात तर भरलेली पट्टी तो रिकामी करून घेतो. अंतर ठेवणं हीच इथली सगळ्यात महागडी सवय आहे, आणि दूर गेलात की तो धनुष्य काढतो ते वेगळंच. तुमचं स्वतःचं पोश्चर मात्र उभ्या जागी गार्ड धरून ठेवला तर लवकर खाली येतं. दम घ्यायचा तो समोर उभं राहून.

आता पाळी कोणाची, हे कळायला कान द्या. तुम्ही एक वार केला, दुसरा केला, आणि तिसऱ्याला त्याच्या तलवारीतून मोठी ठिणगी उडून जाड आवाज आला, तर त्याने तुमचा वार परतवला. पाळी त्याच्याकडे गेली. त्या आवाजानंतर आणखी एक वार मारायचा मोह ज्याने सोडला त्याची लढत तिथेच बदलते. आवाज आला की हात थांबवा आणि गार्डवर जा. शेजारी भाऊ बसला असेल तर त्याला एवढंच काम द्या की आवाज आला की ओरडायचं, “थांब ना बाप्पा, त्याले मारू दे!”

पहिल्या बैठका फक्त पाहण्यासाठी

गेनिचिरोसमोर पहिल्यांदा बसताना जिंकायचं ठरवून बसू नका. तलवारीला हात न लावता फक्त गार्ड आणि डिफ्लेक्ट करत जितका टिकता येईल तितकं टिका. मेलात तरी चालेल, मरण्याआधी एक वार नीट बघितला तर ती लढत कामी आली. बाजूला एक वही ठेवा. मोबाइलवर लिहायला गेलात की लक्ष दुसरीकडे जातं. वहीत एका वाराला एक ओळ, सुरुवात काय दिसते आणि उत्तर काय, एवढंच. उदाहरणार्थ:

“उंच झेप, जमिनीवर आपट. अडवली. लगेच लाल अक्षर. तलवार खांद्याशी मागे ओढली = भोसक = मिकिरी. अंग खाली, तलवार बाजूला = झाडू = उडी, वरून लाथ.”

ही ओळ गेनिचिरोची किल्ली आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबू. तो हवेत उडतो आणि तलवार दोन्ही हातांनी खाली आपटतो. ती आपट परतवा. त्यानंतर त्याच्याकडून बहुतेकदा दोनपैकी एक येतं, आणि दोन्हींच्या आधी पडद्यावर लाल अक्षर चमकतं. अक्षर दोन्हींना सारखंच असल्यामुळे त्यावरून काही कळत नाही. अक्षर हा फक्त इशारा आहे, नजर त्याच्या खांद्यावर हवी. तलवारीचं टोक तुमच्याकडे रोखून ती मागे गेली तर तो भोसकणार. तेव्हा त्याच्याच दिशेने डॉजचं (झुकांडी द्यायचं) बटण, आणि त्याची तलवार तुमच्या पायाखाली. अंग वळवून खाली गेला तर तो पाय कापणारा झाडू फिरवणार. तेव्हा उडी, आणि हवेतच पुन्हा उडीचं बटण, म्हणजे डोक्यावर लाथ. दोन्ही उत्तरांनी त्याचं पोश्चर भरपूर चढतं. म्हणजे त्याचा सगळ्यात भीतीदायक वार हीच तुमची सगळ्यात मोठी कमाई.

हे डोळ्यांना पकडता येत नसेल तर कुणाला तरी मागे उभं करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पडदा शूट करायला सांगा. मशीन ताकदीची असेल तर विंडोजची की, ऑल्ट आणि आर एकत्र दाबून पडद्याचं रेकॉर्डिंग होतं, पण कमकुवत मशीनवर त्याने फ्रेम्स पडतात. मोबाइलच बरा. रात्री जेवण झाल्यावर खाटेवर पडून ती क्लिप बघितली की खांदा नेमका कधी वळतो ते दिसतं.

त्याची एक लांब मालिका आहे, लागोपाठ फिरत येणारे वार. ‘फ्लोटिंग पॅसेज’ म्हणतात तिला. ती वेगवान वाटते, पण तिला ताल आहे. सगळे वार समान अंतराने पडत नाहीत, मध्ये थबकणं आहे. तोंडाने म्हणत परतवा. आपल्याकडे भजनात बसलेल्या माणसाला टाळ कुठे पडतो हे मोजून सांगावं लागत नाही, तसं इथेही काही वेळाने मोजणं सुटतं.

औषधाचा घोट त्याच्या डोळ्यांसमोर घेऊ नका. औषधाचा भोपळा तोंडाला लागला की तो बाण सोडतो किंवा झेप घेतो. त्याची लांब मालिका संपली, किंवा फटाक्याने तो दचकला, की तेव्हा घोट घ्या.

दोन खुणा गेल्या, आता वीज

आयुष्याच्या दोन्ही खुणा गेल्या की तो संपला असं वाटतं आणि तेवढ्यात तो चिलखत उतरवून पुन्हा उभा राहतो. आता त्याचं नाव ‘वे ऑफ टोमोए’ आणि हातात वीज. बरेच खेळाडू इथे मनाने हरतात. खरं तर हा टप्पा पहिल्या दोघांपेक्षा तुमच्या फायद्याचा आहे, कारण त्याची वीज त्याच्यावरच परतवता येते.

नियम असा: वीज अंगावर येताना तुमचे पाय जमिनीवर असतील तर झटका बसतो आणि अंग आखडतं. पाय हवेत असतील तर वीज तुमच्या तलवारीत उतरते, आणि जमिनीला पाय लागण्याआधी वार केला की ती त्याच्याकडे जाते. म्हणजे तीन गोष्टी एका ओळीत. उडी, वीज झेलणं, हवेतच वार. तो हवेत उठला आणि त्याच्या तलवारीवर किंवा बाणावर पांढरी वीज चमकली की उडी मारा. वीज बसली असं दिसलं की वार. फार घाई केली तर वीज यायच्या आधीच तलवार फिरून जाते, उशीर केला तर जमीन येते. गार्ड धरून वीज अडत नाही, तो विचारच काढून टाका.

वीज परतली की तो काही क्षण थरथरत उभा राहतो. लांब असाल तर धावत जाऊन वार करा, जवळ असाल तर चारपाच वार मोकळे मिळतात. आयुष्य आणि पोश्चर दोन्ही ओरबाडलं जातं. बाकी वार पहिल्या टप्प्यांसारखेच आहेत, झेप-आपटही तीच. शेजारच्या भावाला इथे दुसरं काम द्या. वीज दिसली की “उडी मार बे!” बाकी सगळ्यांना गप्प बसवा. चार पोट्टे चार बाजूंनी सांगायला लागले की कान निकामी होतात, आणि ठिणगीचा आवाज ऐकू येत नाही.

किती खेळायचं आणि कधी उठायचं

एका बैठकीला एकच काम ठरवा. आज फक्त झाडूला उडी. उद्या फक्त मिकिरी. परवा वीज. जिंकण्याची घाई केलेल्या दिवशी बोटं जुन्या सवयीवर जातात. सलग तीन-चार लढती आधीपेक्षा वाईट जाऊ लागल्या की उठा. दिवसभर वखरणी-फवारणी करून आलेल्या हातांना रात्री अकराला हा ठोका जमत नाही. थंडीत पहाटे बसत असाल तर आधी हात चुलीवर शेकून घ्या, आखडलेल्या बोटांनी गार्ड उशिरा पडतो. रात्रीची झोप झाल्यावर कालचा न जमलेला वार सकाळी आपोआप जमतो, हा अनुभव तुम्हालाही येईल.

त्याचं आयुष्य थोडंसंच उरलं की हात सुटतो आणि आपण धावून जातो. तिथेच तो झेप घेतो. शेवटच्या तुकड्यालाही पहिल्या वारासारखंच खेळा: दोन वार, आवाज ऐका, गार्ड. फटाके राखून ठेवले असतील तर आता काढा. एक फटाका, दोन वार, मागे. घोट उरला असेल तर तो तुमचं आयुष्य अर्ध्यावर आलं तेव्हाच घ्यायचा होता हे लक्षात ठेवून पुढच्या लढतीत तसा घ्या.

तो पडला की कुरोच्या, म्हणजे आपल्या नायकाच्या छोट्या मालकाच्या, खोलीतली मूर्ती उघडते. तिथे बसा आणि त्याची आठवण वापरून तलवारीचा जोर वाढवा. मग लगेच गेम बंद करून सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. पुढे कथेसाठी सेन्पो मंदिर आणि संकन व्हॅली इकडे जायचं असतं. मी आधी सेन्पोकडे जाण्याचा सल्ला देईन, तिथली मॉर्टल ब्लेड ही खास तलवार पुढच्या कथेला लागतेच. वही मात्र सांभाळून ठेवा. गेमच्या शेवटी गेनिचिरो आणखी एकदा समोर येतो, आणि वीजही पुन्हा हवेत झेलावी लागते.